मिसिंग मारणारं इंजिन : १९०३ च्या नोव्हेंबरची गोष्ट

(हे या भागाचं लेखी रूप. बोलतानाचे अडखळे आणि दोनदा आलेली वाक्यं तेवढी काढली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



तुमच्यापैकी ज्यांनी जुनी बाइक चालवली आहे, त्यांना हा आवाज माहीत असणार. सिग्नल सुटतो, तुम्ही गिअर टाकता, आणि गाडी सरळ पळायच्या ऐवजी फट्... फट्-फट्... असे झटके देत पुढे जाते. गॅरेजवाला लांबूनच ऐकून सांगतो, "मिसिंग मारतेय." मग तो प्लग काढतो, काळा पडलाय का बघतो, घासतो, पेट्रोलचा कॉक बघतो, अगदीच नाही जमलं तर कार्बोरेटर खोलतो. त्याच्या डोक्यात मुळात दोनच प्रश्न असतात : ठिणगी नीट पडतेय का? आणि पेट्रोल नीट पोचतंय का?

आजची गोष्ट अशाच एका मिसिंग मारणाऱ्या इंजिनाची आहे. फक्त हे इंजिन बाइकचं नव्हतं. दोन भावांनी आपल्या सायकलच्या दुकानात बांधलेल्या विमानाचं होतं. हो, ते राइट बंधू. विल्बर आणि ऑरविल.

आता तुम्ही म्हणाल, राइट बंधू शाळेत झाले की! १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक, १२ सेकंद, संपलं. पण त्या १२ सेकंदांच्या आधी ४२ दिवस आहेत आणि ते पाठ्यपुस्तकात नाहीत. ५ नोव्हेंबरला विमानाला बसवलेलं इंजिन तिथे पहिल्यांदा सुरू केलं आणि १७ डिसेंबरला उड्डाण झालं. मधले सहा आठवडे काय चाललं होतं? पंखांचा प्रश्न आधीच्या तीन वर्षांत ग्लायडरवर सुटला होता. हवेत तोल कसा राखायचा हे त्यांना कळलं होतं. अडलं होतं ते इंजिनाच्या झटक्यांपाशी.

आधी हे इंजिन आलं कुठून ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

राइट बंधूंनी सुरुवातीला डझनभर कंपन्यांना पत्रं लिहिली, की आम्हाला एवढ्या ताकदीचं, एवढ्या कमी वजनाचं इंजिन हवंय. कुणीच तयार झालं नाही. मग त्यांनी आपल्या दुकानातल्या मेकॅनिकला सांगितलं. त्याचं नाव चार्ली टेलर. हे नाव लक्षात ठेवा. १९०१ मध्ये तो त्यांच्याकडे तासाला ३० सेंटवर कामाला लागला होता, सायकली दुरुस्त करायला. पेट्रोल इंजिनाचा त्याचा अनुभव म्हणजे एकदा एका मोटारीचं इंजिन दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, एवढाच. आणि दुकानात यंत्रं कुठली? एक लेथ, एक ड्रिल, बाकी हातोडा, छिन्नी, कानस.

क्रँकशाफ्ट त्याने कसा बनवला माहितीये? पोलादाचा साधारण १०० पौंडांचा, म्हणजे ४५ किलोचा ठोकळा घेतला. त्यावर क्रँकचा आकार रेखला. रेघेवरून ड्रिलने ओळीने भोकं पाडली, मग छिन्नी-हातोड्याने नको तो भाग ठोकून उडवला आणि उरलेलं लेथवर कातलं. शेवटी हातात जो क्रँकशाफ्ट आला तो १९ पौंडांचा. म्हणजे ऐंशी टक्के पोलाद जमिनीवर! इंजिनाचा मुख्य सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा, तो डेटनमध्येच ओतवून घेतला. सगळं काम सहा आठवड्यांत. फेब्रुवारी १९०३ मध्ये इंजिन सुरूही झालं, आणि दुसऱ्याच दिवशी पेट्रोल ठिबकून बेअरिंगमध्ये गेलं, बेअरिंग जाम झाले आणि तो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा फुटला. नवीन ओतून यायला एप्रिल उजाडला. म्हणजे मुळापासूनच हे इंजिन काही शहाणं बाळ नव्हतं.

आता त्याची रचना ऐका. बाइक खोलून बघायची आवड असेल तर मजा येईल.

चार सिलिंडर, आडवे. कार्बोरेटर नाही. वर पंखांच्या खांबाला छोटी टाकी, तिथून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येणार, मध्ये एक कॉक. तो कॉक किती उघडा आहे त्यावर किती पेट्रोल जाणार ते ठरणार. ते पेट्रोल सिलिंडरशेजारच्या तापलेल्या चपट्या कप्प्यात पडणार, तिथे वाफ होऊन हवेबरोबर आत खेचलं जाणार. थ्रॉटल नाही. म्हणजे हवेत असताना पायलटला वेग कमी-जास्त करायची सोयच नाही. चालू किंवा बंद.

स्पार्क प्लगही नाही. त्याऐवजी प्रत्येक सिलिंडरच्या आत दोन पॉइंट, एकमेकांना टेकलेले. योग्य क्षणी ते झटकन वेगळे व्हायचे आणि वेगळे होताना ठिणगी पडायची. वीज यायची मॅग्नेटोकडून, आणि मॅग्नेटो फिरायचा इंजिनाच्याच फ्लायव्हीलला घासून. म्हणजे इंजिन जोरात फिरलं तर ठिणगी जोरदार, इंजिन मंदावलं तर ठिणगी मंद, आणि ठिणगी मंद झाली की इंजिन आणखी मंद. सुरू करताना तर मॅग्नेटोचा उपयोगच नाही, म्हणून ड्राय बॅटरी आणि कॉइलची पेटी जवळ आणून ठेवायची, दोघांनी दोन पंखे हाताने ओढायचे, इंजिन धरलं की पेटी बाजूला.

आणि ताकद? सुरू झाल्यावर पहिली काही सेकंदं साधारण १६ हॉर्सपॉवर. मग इंजिन तापलं, आत जाणारी हवा तापून विरळ झाली, की मिनिट-दोन मिनिटांत १२ वर उतरायचं. आज बारा हॉर्सपॉवरला कॉलेजची मुलं 'पिकअप नाही' म्हणून नाक मुरडतील.

इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत कशी जायची? सायकलवाल्यांनी काय केलं असेल? चेन! दोन लांब चेन, पुढे इंजिनावर छोटी चक्रं, मागे मोठी. मागची चक्रं पोकळ पोलादी नळीच्या शाफ्टवर बसवलेली आणि शाफ्टच्या टोकाला साडेआठ फुटी लाकडी प्रोपेलर. एक चेन आठच्या आकड्यासारखी उलटी टाकलेली, म्हणजे दोन पंखे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरतात.

तर, ५ नोव्हेंबर. नॉर्थ कॅरोलायनाचा समुद्रकिनारा, किल डेव्हिल हिल्स, वाळूच्या टेकड्या. थंडी सुरू झालेली. पूर्ण जोडलेल्या विमानावर पहिल्यांदाच इंजिन चालवून बघतायत.

मॅग्नेटोची ठिणगी कमी पडली. इंजिन मिसिंग मारायला लागलं. आणि बघता बघता प्रोपेलरचे शाफ्ट निकामी झाले.

इथे जरा थांबू या. बिघाड होता ठिणगीत आणि मोडलं काय, तर लांबचा शाफ्ट. असं का व्हावं?

कल्पना करा, तुम्ही सायकलवर आहात आणि पेडल मारताना मध्येच पाय निसटतो. चेन ढिली पडते. पुढच्या क्षणी पाय पुन्हा जोरात बसतो, चेनला हिसका बसतो. आता ते एका सेकंदात कितीतरी वेळा होतंय असं समजा. एक सिलिंडर पेटला नाही की इंजिन क्षणभर मागे पडतं, पण टोकाला फिरणारा तो मोठा लाकडी पंखा मागे पडायला तयार नसतो, तो आपल्या जोरात फिरतच असतो. पुढचा सिलिंडर पेटतो तेव्हा इंजिन हिसका देऊन पुढे. या दोघांच्या भांडणात मधला शाफ्ट पिळला जातो. एका दिशेला, लगेच उलट, पुन्हा पहिल्या दिशेला. शाफ्ट बारा हॉर्सपॉवरच्या सरळ ओढीला कितीही पुरेसा असला, तरी या हिसक्यांचा हिशोब वेगळाच.

मदतीला आलेले डॉ. जॉर्ज स्प्रॅट त्याच दिवशी परत निघाले होते. दोन्ही शाफ्ट त्यांच्याबरोबर दिले, पुढे डेटनला चार्लीकडे पाठवायला. निरोप असा, की जाड नळी वापरून मजबूत करून पाठव. मजबूत! हा शब्द लक्षात ठेवा, कारण यातच त्यांची पहिली चूक आहे.

शाफ्ट परत यायला १५ दिवस लागले. या पंधरा दिवसांत भावांनी काय केलं? पहिली गोष्ट, थंडीने कुडकुडले. विल्बरने घरी पाठवलेल्या पत्रात रात्रींची वर्गवारीच केली आहे : एक घोंगडीची रात्र, दोन घोंगड्यांची, तीन, चार, मग पाच घोंगड्या आणि दोन रजया, त्यापुढे शेकोटी, त्यापुढे गरम पाण्याचा जग. इतक्या टेन्शनमध्येही माणूस विनोद करतो, हे मला फार आवडतं.

दुसरी गोष्ट, ६ नोव्हेंबरला ऑक्टेव्ह शनूट आले. वय सत्तरीपार, विमानविद्येतले त्या काळचे वडीलधारे. ते म्हणाले, चेनमधून ताकद जाताना वीसेक टक्के वाया जाते, तुम्ही किती धरलीत? भावांनी धरली होती ५ टक्के. पोटात गोळाच आला असणार. इंजिन आधीच जेमतेम, त्यातून वीस टक्के गेली तर विमान उठणारच नाही. शनूट गेल्यावर त्यांनी काय केलं, तर चेन एका चक्रावरून टांगली, दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या अडकवल्या आणि एक बाजू उचलली जायला दुसऱ्या बाजूला किती जादा वाळू घालावी लागते ते मोजलं. उत्तर साधारण ५ टक्केच आलं. वाळू काय, चोहीकडे पडलेलीच होती!

२० नोव्हेंबर. शाफ्ट आले. संध्याकाळच्या आत बसवले, इंजिन सुरू केलं. आणि आता शाफ्ट टिकले, पण त्यांच्यावरची चक्रं सुटायला लागली. घट्ट पिळायची, इंजिन चालू करायचं, काही सेकंदांत पुन्हा ढिली. चेन झटके खातेय, सगळं विमान थरथरतंय. ऑरविलने त्या रात्री डायरीत लिहिलंय की दिवस अगदी निराशेत संपला.

बघा, काय झालं ते. शाफ्ट जाड केला, मजबूत केला, म्हणून झटका संपला नाही. तो फक्त पुढच्या कच्च्या जागी सरकला. गॅरेजमध्ये तुम्ही हे पाहिलं असेल. क्लच बदलला की चेन जाते, चेन बदलली की स्प्रॉकेट. आणि मालक म्हणतो, "साहेब, गाडीच जुनी झाली हो."

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. एक अगदी सायकलवाल्याला सुचेल अशी. सायकलच्या रिमला टायर चिकटवायला एक कडक सिमेंट मिळायचं. ते गरम केलं की पातळ होतं, थंड झालं की दगड. याच सिमेंटने त्यांनी पूर्वी एका स्टॉप-वॉचचे काटे बसवले होते. त्यांनी शाफ्ट आणि चक्र दोन्ही तापवलं, आट्यांमध्ये हे सिमेंट वितळवून ओतलं आणि फिरवून बसवलं. संपला विषय. ती चक्रं पुन्हा सुटली नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. इंजिन वेडंवाकडं का चालतंय याचं एक कारण त्यांना सापडलं : पेट्रोलचा कॉक. इंजिनाच्या थरथरीने तो आपोआप हलत होता आणि पेट्रोलची धार कमी-जास्त होत होती. म्हणजे साखळी अशी : इंजिन मिसिंग मारतंय, म्हणून थरथरतंय. थरथरतंय म्हणून कॉक हलतोय. कॉक हलतोय म्हणून पेट्रोल बिघडतंय, आणि पेट्रोल बिघडलं म्हणून इंजिन मिसिंग मारतंय! इथे तुम्ही इंजिन बंद करून कॉक बघितला तर तो तुम्हाला बरोबर दिसू शकतो. दोष फक्त चालू असतानाच जन्माला येतो. कॉकचा बंदोबस्त झाल्यावर इंजिन इतकं सुधारलं की पंखे मिनिटाला साधारण ३५० फेरे घ्यायला लागले आणि ओढ भरली १३० पौंडांच्या वर, म्हणजे साधारण ६० किलो. त्यांच्या हिशोबापेक्षा जास्त. शनूटबाबांची भीती गेली.

एक विषयांतर करतो, कारण कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच : शिवकर बापूजी तळपद्यांचं काय? १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं म्हणतात, त्यावर हिंदी सिनेमाही आला. तळपदे होते, त्यांना विमानाचा ध्यास होता, यात वाद नाही. पण उड्डाणाचा त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही. माझ्यासाठी मुख्य मुद्दा वेगळा आहे. राइट बंधूंवर आपण विश्वास ठेवतो तो त्यांच्या यशामुळे कमी आणि या नोव्हेंबरच्या डायरीमुळे जास्त. किती वाजता काय तुटलं, किती फेरे भरले, कुठे डोकं आपटलं, सगळं लिहिलेलं आहे. तळपद्यांच्या कहाणीत इंजिन एकदाही मिसिंग मारत नाही. ज्या कहाणीत इंजिन कधीच बिघडत नाही, ती ऐकताना मी जरा सावध होतो. असो.

२८ नोव्हेंबर. आता सगळं ठीक आहे असं वाटत असताना, शेडमध्ये इंजिन चालवून बघताना एका शाफ्टकडे लक्ष गेलं. काहीतरी खटकलं. इंजिन बंद करून बघितलं तर जाड, मजबूत केलेल्या नळीला तडा.

हवेत हा शाफ्ट मोडला असता तर? एका बाजूचा पंखा बंद, दुसऱ्या बाजूचा चालू, आणि कदाचित सुटलेला साडेआठ फुटी लाकडाचा तुकडा पायलटच्या मागे गरगरत. पायलट खालच्या पंखावर पालथा झोपलेला, शेजारी इंजिन. पॅराशूट वगैरे काही नाही. आपण '१२ सेकंदांचं उड्डाण' म्हणून हसतो, पण हे लोक कशावर झोपत होते ते एकदा डोळ्यांसमोर आणा.

आता त्यांचा विचार बदलला, आणि मला वाटतं या गोष्टीतला खरा क्षण हाच. नळी आणखी जाड करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. उलट, आधीपेक्षा बारीक, पण भरीव पोलादी शाफ्ट करायचे. ऑरविलने दहा वर्षांनी लिहिताना कारण स्पष्ट सांगितलंय : ओढ सारखी असती तर त्या नळ्या गरजेच्या कितीतरी पट मजबूत होत्या. पण ओढ सारखी नव्हती, आणि जाड पोकळ नळीला स्प्रिंगसारखं थोडं पिळून परत यायची सवय नसते. भरीव बारीक दांडा थोडा पिळतो, झटका पोटात घेतो आणि पुन्हा सरळ होतो.

म्हणजे त्यांनी हे मान्य केलं, की आपलं इंजिन कधीच लोण्यासारखं चालणार नाही. चार्लीने सहा आठवड्यांत बनवलेलं, कार्बोरेटर नसलेलं इंजिन आहे ते. जे झटके घालवता येतात ते घालवू, उरलेले सोसणारा शाफ्ट देऊ.

३० नोव्हेंबरला ऑरविल स्वतः डेटनला निघाला. होडी, मग रेल्वे. विल्बर एकटा त्या थंडीत तंबूवजा शेडमध्ये. तिकडे वॉशिंग्टनमध्ये प्रोफेसर सॅम्युएल लँगली त्यांचं विमान घेऊन तयार होते. त्यांच्यामागे सैन्याचे ५०,००० डॉलर होते, आणि इंजिन ५२ हॉर्सपॉवरचं, त्या काळी जगात बहुधा सर्वांत चांगलं. राइट बंधूंचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत. लँगली आधी उडाले असते तर आज आपण या दोघांची नावंही घेतली नसती. ऑरविल नवे शाफ्ट घेऊन परत येत असतानाच वर्तमानपत्रात बातमी : ८ डिसेंबरला लँगलींचं विमान पोटोमॅक नदीत कोसळलं. इंजिन उत्तम होतं हो. पण विमान उडायच्या आतच मोडलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. ११ डिसेंबरला ऑरविल परत. १४ ला नाणेफेक, विल्बर जिंकला, नाक जास्त वर केलं, साडेतीन सेकंदांत खाली. दोन दिवस दुरुस्ती. १७ ला सकाळी १०.३५, ऑरविल, १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशी चौथं उड्डाण विल्बरचं, ५९ सेकंद, ८५२ फूट, म्हणजे साधारण २६० मीटर. जवळजवळ एक मिनिट ते इंजिन आणि ते शाफ्ट विमान ओढत राहिले.

आज घरी विमान बांधणारे लोक आहेत. आपल्याकडे कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते बीकेसीत मेक इन इंडियाला लोकांनी पाहिलं. छोट्या विमानांच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना आता दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. उडायच्या आधी पायलट धावपट्टीच्या टोकाशी थांबतो, एक मॅग्नेटो बंद करतो, फेरे किती पडतात बघतो, मग तो चालू करून दुसरा बंद. फेरे थोडे पडले तर चालतं. पण इंजिन थरथरायला लागलं तर विमान परत. कधी कधी एखादा प्लगच काळा झालेला असतो, अगदी तुमच्या बाइकसारखा. कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो, तो आणखी एक त्रास, आणि गंमत म्हणजे दमट हवेत बाहेर वीस-बावीस डिग्री असतानाही धरतो. राइट बंधू त्यातून सुटले, कारण त्यांचं पेट्रोल तापलेल्या कप्प्यात पडायचं. त्याची किंमत त्यांनी चार हॉर्सपॉवर गमावून मोजली.

आणि चार्ली टेलर? त्याने पुढेही राइट बंधूंची इंजिनं बांधली. मग जग मोठं झालं, कंपन्या आल्या, तो मागे पडला. १९५५ मध्ये एका वार्ताहराला तो लॉस एंजेलिसच्या हॉस्पिटलमध्ये धर्मादाय वॉर्डात सापडला. विमान उद्योगातल्या लोकांनी पैसे जमवून त्याला चांगल्या ठिकाणी हलवलं. जानेवारी १९५६ मध्ये तो गेला. आता २४ मे हा त्याचा वाढदिवस अमेरिकेत विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात.

त्या इंजिनाचं काय झालं? १७ डिसेंबरला चौथ्या उड्डाणानंतर सगळे गप्पा मारत उभे होते, तेवढ्यात वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि विमान उलटंपालटं झालं. तो प्रसिद्ध फोटो ज्याने काढला तो जॉन डॅनियल्स विमानाला धरायला गेला आणि तारांमध्ये अडकून त्याच्याबरोबर कोलांट्या खात गेला. वाचला. इंजिनाचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा मात्र फुटला, दुसऱ्यांदा. ते विमान पुन्हा कधी उडलं नाही.

चार्लीने ठोकळ्यातून कोरलेला तो १९ पौंडांचा क्रँकशाफ्ट १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला उसना दिला होता, फ्लायव्हीलसकट. तो परत आलाच नाही. वॉशिंग्टनच्या म्युझियममध्ये आज जे विमान ठेवलंय, त्याच्या इंजिनात क्रँकशाफ्ट दुसरा आहे.